सतरा ग्रॅमचा हिशेब

आप्पांची प्रीमियर पद्मिनी ताशी सत्तरच्या पुढे गेली की थरथरू लागायची. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा किणकिणायचा, आईच्या तळपायांना मुंग्या यायच्या आणि मधल्या आरशात मागची वाहने पाण्यात पाहिल्यासारखी फुटलेली दिसायची. आप्पांनी यावर उपाय म्हणून गाडी पासष्टच्या वर नेणेच सोडून दिले. सोळा वर्षे ते तसे चालवत राहिले आणि विचारले की म्हणायचे, "गाडी म्हातारी झाली, आता तिला पळवू नये." मीही त्यावर विश्वास ठेवला, आणि या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते, कारण मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या वालचंद महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकलो होतो, आणि मागेपुढे सरकणाऱ्या वस्तुमानांचा समतोल हा तिथल्या थिअरी ऑफ मशिन्सच्या तासाला आकृत्या काढून शिकवलेला विषय होता. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांचेच नाव त्या महाविद्यालयाला आहे. गाडी घरात होती, पुस्तक कपाटात होते, तरी दोन्हींची गाठ घालायला मला पूर यावा लागला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे. गावभागातल्या आमच्या बोळात पद्मिनी उभी होती ती टपापर्यंत बुडाली आणि पाणी ओसरल्यावर गाळाचा थर अंगावर घेऊन बाहेर आली. आप्पांनी एक गोष्ट शहाणपणाची केली, ती म्हणजे कोणालाही स्टार्टर मारू दिला नाही. सिलिंडरमध्ये पाणी साठलेले असताना इंजिन फिरवले, तर हवेसारखे पाणी दाबले जात नाही आणि त्या रेट्याने पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याशी, जोडणारे कनेक्टिंग रॉड वाकतात. रॉड वाचले, पण घर धुण्यात आणि संसार पुन्हा उभा करण्यात चार महिने गेले, तोवर आतला गंज बसून राहिला. कुपवाडच्या एमआयडीसीजवळ एका गाळ्यात काम करणाऱ्या मिस्त्रींनी डिसेंबरमध्ये इंजिन उतरवले आणि हेड काढले, तेव्हा दोन बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या पोकळीच्या, भिंतींवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसले. होनिंगने, म्हणजे वरवर घासून, ते जाणार नव्हते. बोअर वाढवायचा आणि चारही पिस्टन ओव्हरसाइज घालायचे, असे ठरले. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आहे, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५. रीबोअरनंतर आमचा बोअर ६९ झाला.

जुने पिस्टन मिस्त्रींनी डिझेलमध्ये धुऊन बाकावर उलटे मांडले होते. तीन एकसारखे होते. चौथ्याच्या आतल्या बाजूच्या भिंती जाड होत्या, पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनेचे कान वेगळ्या घडणीचे होते आणि साच्यातली खूणही निराळी होती. मला २००३ सालची आंबोली घाटातली दुपार आठवली. इंजिन तापून चौथा पिस्टन धरला होता आणि घाटाखालच्या एका गॅरेजात दोन दिवस थांबून तेवढाच एक पिस्टन बदलून घेतला होता. त्या दुकानात मापाला बसणारा जो पिस्टन मिळाला, तो त्यांनी घातला. मापाला तो बसलाही, पण तो तराजूत घालून पाहावा असे तिथे कोणाच्या मनात आले नाही. गाडी थरथरू लागली ती त्या प्रवासानंतर, आणि हा क्रम आमच्यापैकी कोणी कधी जुळवून पाहिला नव्हता. मधल्या काळात आम्ही चाकांचे बॅलन्सिंग केले, इंजिन माउंटिंगची रबरे बदलली, मागच्या चाकांकडे गती नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर नेऊन पाहिले असते तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते, कारण चाके आणि शाफ्ट थांबलेले असताना जो कंप येतो तो इंजिनाचाच असतो.

चारही पिस्टन पिशवीत घालून मी सराफ कट्ट्यावर आमच्या नात्यातल्या एका सराफाकडे गेलो. त्यांच्या काट्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दिसते. त्यांनी काट्याच्या ताटलीवर मऊ कागद घातला, काचेचे दार बंद केले आणि दागिना ठेवावा तशा हातांनी एकेक पिस्टन ठेवला. पहिले तीन २७६ ग्रॅमच्या आसपास, एकमेकांपासून अर्ध्या ग्रॅमच्या आत. चौथा २९३ ग्रॅम. सतरा ग्रॅमचा फरक. सराफांनी तो सवयीने तोळ्यात करून सांगितला: "दीड तोळ्याला थोडं कमी." तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे बारा मासे आणि एका माशाच्या आठ गुंजा. ज्या पेठेत गुंजेचा फरक दिसला तर गिऱ्हाईक आणि सराफ दोघेही थांबतात, तिथे उभे राहून मला आमच्या इंजिनात इतकी वर्षे दीड तोळ्याची चूक फिरत होती हे कळले.

आता त्या चुकीचा भार किती, हे सांगितल्याशिवाय सतरा ग्रॅम हा आकडा कोणालाच मोठा वाटणार नाही. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो, आणि प्रत्येक टोकाला त्याची दिशा उलटवायला बळ लागते. ते बळ वस्तुमान, क्रँकची त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराएवढे असते. पद्मिनीचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर म्हणजे त्रिज्या साडेसदतीस. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, म्हणजे टॉप गिअरमध्ये साधारण पंचाहत्तरच्या वेगाला, पिस्टनवरचे त्वरण गुरुत्वाच्या सुमारे ३७७ पट होते. त्या क्षणी सतरा ग्रॅम हे सतरा ग्रॅम राहत नाहीत. ते साडेसहा किलोच्या आसपासच्या वजनाएवढा हिसका देतात, आणि वरच्या टोकाला कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे त्यात अजून साधारण पाव पट भर पडते. हा हिसका सेकंदाला पन्नास वेळा बसतो. वेगाचा वर्ग असल्यामुळे फेऱ्या निम्म्या केल्या की तो चौथाईवर येतो, आणि म्हणूनच पासष्टच्या खाली गाडी शांत वाटायची. ४८०० फेऱ्यांवर तोच फरक सोळा किलोच्या पुढे जातो. शिवाय आमचा जड पिस्टन अगदी शेवटच्या, चौथ्या सिलिंडरमध्ये होता, त्यामुळे इंजिन नुसते वरखाली हादरत नव्हते, तर पुढून मागे डोलतही होते.

नवे चार पिस्टन आले तेव्हा मिस्त्री आणि माझ्यात पहिला मतभेद झाला. डबा बंद, कंपनीचा सेट, मग वजन कशाला करायचे, असे त्यांचे म्हणणे होते. "सेट हाय म्हंजे सारखंच असतंय बघा," ते म्हणाले. मिस्त्री माणूस अत्यंत नेटका आहे. त्यांचे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नोकरीला होते आणि हत्यार पुसल्याशिवाय जागेवर ठेवायचे नाही, ही शिस्त त्यांनी घरातच घेतलेली आहे. त्यांच्या शब्दाचा मान राखूनही मी पिस्टन सराफ कट्ट्यावर नेले. वजने आली ती अशी: २८४.२, २८४.६, २८७.९ आणि २८४.०. तिसरा पिस्टन सेटमध्ये असूनही जवळजवळ चार ग्रॅम जड होता. मिस्त्रींनी कागदावरचे आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला आणि तिसरा पिस्टन हातात घेऊन बराच वेळ तोलत राहिले. त्यानंतर वजनाच्या बाबतीत त्यांनी मला एकदाही अडवले नाही. उलट पुढचे सगळे त्यांनी माझ्याहून जास्त काटेकोरपणे केले.

दुसरा मतभेद एका मित्राशी झाला, आणि हा लेख खरे तर त्यासाठी लिहीत आहे. तो म्हणाला, "नवे पिस्टन जुन्यापेक्षा आठ ग्रॅम जड आहेत. म्हणजे क्रँकचा तोल बिघडला. कोल्हापूरला नेऊन क्रँक नव्या वजनाला बॅलन्स करून आण." हा समज फार पसरलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. पिस्टन बदलल्यावर क्रँकचा तोल पुन्हा साधावा लागतो की नाही, हे सिलिंडर किती आहेत आणि कसे मांडले आहेत यावर अवलंबून असते.

बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या समोर दुसरा पिस्टन नसतो. त्याचा हिसका मारायला क्रँकच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, उलट बाजूला वजन ठेवतात, पण पिस्टन सरळ रेषेत जातो आणि हे वजन गोल फिरते. पिस्टनचा उभा हिसका पूर्ण मारावा म्हणून वजन वाढवले, की तेच वजन आडवे आल्यावर तेवढाच आडवा हिसका देते. म्हणून सरकणाऱ्या वस्तुमानाचा सुमारे निम्मा भाग तोलायचा आणि बाकीचा सहन करायचा, अशी तडजोड तिथे असते, आणि पिस्टनचे वजन बदलले की ती तडजोड हलते. काटकोनात सिलिंडर असलेल्या बहुतेक व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनांत तर क्रँकची प्रतिवजने पिस्टनच्या वजनावरच बेतलेली असतात. ती तपासताना क्रँकच्या पिनांवर खोटी वजने बांधावी लागतात, ज्यांत फिरणाऱ्या भागाचे पूर्ण आणि सरकणाऱ्या भागाचे निम्मे वजन धरतात. अशा इंजिनात हलके किंवा जड पिस्टन घातले आणि क्रँक तशीच ठेवली, तर माझ्या मित्राचे म्हणणे शब्दशः खरे ठरते.

पण एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर जातात, तेव्हा दुसरा आणि तिसरा एकत्र खाली येतात. वर ओढणारे दोन आणि खाली ओढणारे दोन परस्परांना मारतात, आणि ही जोडी मधल्या बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असल्यामुळे डोलणेही राहत नाही. क्रँकवरची प्रतिवजने असतात ती बेअरिंगांवरचा आणि क्रँकच्या वाकण्याचा भार कमी करण्यासाठी, पिस्टनचा हिशेब मिटवण्यासाठी नव्हे. म्हणून या इंजिनात नवे पिस्टन जुन्या वजनाचे असलेच पाहिजेत असे नाही. ते एकमेकांच्या वजनाचे असले पाहिजेत. चारही आठ ग्रॅमने जड असतील तर पिस्टन पिस्टनला तोलून धरतो. एकच सतरा ग्रॅमने जड असेल, तर क्रँक कितीही काटेकोर बॅलन्स केलेली असो, तिला काही करता येत नाही.

मग आम्ही ते चार ग्रॅम उतरवायला बसलो. फाइल हातात घेण्याआधी मिस्त्रींनी एक युक्ती केली. गजन पिनांचीही वजने घेतली, त्यांत सहा दशांश ग्रॅमचा फरक निघाला, तेव्हा सर्वांत जड पिस्टनला सर्वांत हलकी पिन दिली आणि ते जोड खडूने आकडे घालून बाजूला ठेवले. उरलेला फरक मात्र धातू काढूनच जाणार होता. ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम म्हणजे सुमारे ०.३७ घनसेंटिमीटर, अंदाजे दोन हरभऱ्यांएवढा तुकडा. तो पिस्टनच्या माथ्यावरून, रिंगांच्या खाचांजवळून किंवा स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराच्या, पातळ भिंतीतून कधीही काढायचा नसतो. तो काढायचा पिनेच्या कानांच्या खालच्या जाड पट्टीवरून आणि स्कर्टच्या आतल्या कडेवरून, जिथे ओतकामातच जास्तीचे मांस सोडलेले असते. मिस्त्रींनी पिस्टन जाड कापडात धरला, गोल कानस घेतली आणि दोन्ही कानांवरून आळीपाळीने सारखे मोजून फटके मारू लागले, म्हणजे वजन एका बाजूला झुकणार नाही. प्रत्येक वीस फटक्यांनंतर फुंकर, मग कापड, मग काटा. सराफांनी दुकानातला जुना लहान काटा दोन दिवसांसाठी दिला होता आणि तो गाळ्यात वाऱ्याने हलू नये म्हणून मिस्त्रींनी तिन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला होता. कानशीखाली पडणारा चुरा अभ्रकासारखा चमकत होता. संध्याकाळी सहाला सुरू केलेले काम नऊ वाजता संपले, तेव्हा चारही जोड अर्ध्या ग्रॅमच्या आत आले होते. शेवटचे दोन दशांश त्यांनी कानशीने न काढता पॉलिश पेपरने काढले, कारण कानशीचा ओरखडा तसाच राहिला तर तिथून तडा सुरू होण्याची भीती असते.

कनेक्टिंग रॉडचे काम याहून नाजूक आहे, कारण रॉडचे वरचे टोक पिस्टनबरोबर सरकते आणि खालचे टोक क्रँकबरोबर फिरते. नुसते एकूण वजन सारखे असून भागत नाही, दोन्ही टोके वेगवेगळी जुळावी लागतात. आम्ही छतावरच्या हुकाला दोरी बांधून रॉडचे लहान टोक तिला अडकवले, मोठे टोक काट्यावर टेकवले आणि रॉड पाण्याच्या पातळीने आडवा करून वजन घेतले. मग उलटे करून लहान टोकाचे. दोन्हींची बेरीज रॉडच्या एकूण वजनाशी जुळली की मोजणी बरोबर. आमच्या रॉडांत मोठ्या टोकांचा फरक सहा ग्रॅम निघाला. तो मोठ्या टोकाला बोल्टने बसणाऱ्या टोपीच्या तळच्या जाड भागातून उतरवला. रॉडच्या मधल्या दांड्याला कानस लावायची नाही, आणि लावावीच लागली तर लांबीच्या दिशेने, आडवी कधीच नाही, हे मिस्त्रींनी मला न विचारताच सांगितले.

क्रँक शेवटी कोल्हापूरला गेलीच, पण मित्राच्या कारणासाठी नव्हे. पुराच्या पाण्याने क्लचची प्रेशर प्लेट खराब झाली होती, ती नवी घेतली होती, आणि फ्लायव्हीलचा तोंडचा भाग लेथवर घासून घेतला होता. पिस्टनच्या विपरीत, हे भाग फक्त गोल फिरतात आणि त्यांच्यातला एकांगी भार मारायला समोर कोणी नसतो. तिथल्या मशिनवर क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकेक करून जोडत फिरवून पाहिले. क्रँक एकटी चांगली होती, प्रेशर प्लेट लावल्यावर काटा हलला आणि फ्लायव्हीलच्या कडेला दोन उथळ भोके पाडून तो जागेवर आणला. मशिनवरच्या कारागिराने तिन्ही भागांवर एका रेषेत पंच मारून दिला, म्हणजे पुढे कधी क्लच उतरला तरी प्लेट त्याच जागी बसेल. इंजिन उघडताना आधी पंच मारायचा आणि मग बोल्ट सैल करायचे, हा नियम इतका सोपा आहे की घाईत तोच पहिल्यांदा राहतो. आमच्या जुन्या प्लेटवर अशी खूण कुठेच नव्हती.

फेब्रुवारीत इंजिन बांधले. पहिले हजार किलोमीटर साठच्या आत चालवायचे होते, त्यामुळे ज्या वेगाला ती थरथरायची तो वेग पाहायला आम्हाला वाट पाहावी लागली, आणि मध्ये टाळेबंदी आल्यामुळे ती वाट बरीच लांबली. नोव्हेंबरच्या एका सकाळी आप्पा, आई आणि मी पेठनाक्याकडे निघालो. आष्टा मागे पडल्यावर रस्त्याचा एक बरा तुकडा आला आणि आप्पांनी काही न बोलता पायाखालचा दाब वाढवला. पासष्ट झाले. सत्तर झाले. ते ॲक्सिलरेटरवरचा पाय सवयीने उचलू पाहत होते, हे मला मागच्या सीटवरूनही दिसत होते. पंचाहत्तरला गिअरचा दांडा गप्प होता. आप्पांनी मधल्या आरशात पाहिले, मागून येणाऱ्या ट्रकची नंबरप्लेट एमएच १० पासून शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग पुन्हा एकदा वाचली.

ऐंशीच्या पुढे मात्र पावलांखाली एक बारीक झिणझिण जाणवू लागली, पूर्वीच्या थरथरीपेक्षा कितीतरी बारीक आणि लवकर लवकर येणारी. "हे काय राहिलं मग?" आप्पांनी विचारले. मी त्यांना सांगितले की रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जितका जोरात जातो तितका खालच्या अर्ध्या भागात जात नाही, त्यामुळे वरचे दोन आणि खालचे दोन एकमेकांना अगदी पुरते मारत नाहीत आणि प्रत्येक फेरीला दोनदा थोडे बळ शिल्लक राहते. ते चारही पिस्टनचे मिळून असते, एकाची चूक नसते. काही गाड्यांत क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन दांडे घालून ते मारतात, पण या इंजिनात तशी सोय नाही. नव्या पिस्टनच्या आठ ग्रॅमनी ते वाढले असेल, पण दोन टक्क्यांच्या आतच.

आप्पांनी थोडा वेळ ती झिणझिण ऐकली, "म्हणजे ही कारखान्यातूनच आलेली," असे म्हणाले, आणि काटा पंचाहत्तरवर आणून तिथेच ठेवला.